पार्किंगला रोलिंग शटर : तीन कोटेशनं, तिन्ही वेगळी. बजेट किती धरू?

पाखाडी :

घर रत्नागिरीत, समुद्रापासून जेमतेम तीन किलोमीटरवर. तळमजल्याच्या पार्किंगला शटर बसवायचंय. गाळा १० फूट रुंद, ८ फूट उंच. तोंड पश्चिमेला. उजवीकडे आरसीसी कॉलम आहे, डावीकडे चिऱ्याची भिंत. आतून लिंटेलच्या खालच्या कडेपासून स्लॅबपर्यंत १८ इंच मिळतात. पार्किंगमधून घरात जायला आतून दार आहे. गाडी एकच.

कोटेशनं अशी :

क – एमएस (साधं पोलाद), २० गेज (पत्र्याची जाडी, आकडा लहान तितका पत्रा जाड), चौरस फुटाला २४० रुपये. साइड मोटर (एका बाजूला बसून चेनने पाइप फिरवणारी) ३०० किलोची, दोन रिमोटसह २७,०००. टॉप कव्हर (गुंडाळीवरचं झाकण), फिटिंग, रंग धरलेलं नाही. जीएसटी वेगळा.

ख – जीआय (जस्ताचा थर दिलेला पत्रा), १८ गेज, पावडर कोटेड, चौरस फुटाला ३३०. टॉप कव्हर ३,८५०, मोटर ३१,०००, फिटिंग आणि भाडं ४,०००. जीएसटी धरून.

ग – अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, ट्यूबलर मोटर (पाइपच्या आत बसणारी), सगळं मिळून १,३५,००० अधिक जीएसटी.

मी ८० हजार बाजूला ठेवलेत. 'क' घेतला तर भागेल असं वाटतंय. मोटर खरंच लागते का, आणि कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च कुठे कुठे येतो?

ओळंबा :

आधी माप. गाळा ८० चौरस फुटांचा असला तरी बिल ८० चं होत नाही. पट्ट्या दोन्ही बाजूंच्या गाइडमध्ये, म्हणजे उभ्या चॅनलमध्ये, शिरतात, म्हणून रुंदीत साधारण ८ इंच वाढतात. वर गुंडाळी बसते, तिच्यासाठी उंचीत सव्वा फूट धरतात. म्हणजे १० फूट ८ इंच गुणिले ९ फूट ३ इंच, ९८.६७ चौरस फूट. गाळ्यापेक्षा सुमारे २३ टक्के जास्त. यात कुणाची लबाडी नाही, धंद्याची रीतच ही. तरी कुठलं माप धरलंय ते कोटेशनवर आकड्यांत लिहून घ्या. एकजण गाळ्याच्या मापावर दर सांगतो, दुसरा तयार मापावर, आणि आपण दोन दर शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवून मोकळे होतो.

आता 'क' आणि 'ख' एकाच पायावर आणू.

क : ९८.६७ × २४० = २३,६८०. मोटर २७,०००. बेरीज ५०,६८०, वर १८ टक्के जीएसटी, ५९,८०२. टॉप कव्हर आणि फिटिंग 'ख'च्याच भावाने धरू, जीएसटीसकट ३,८५० आणि ४,०००. राहिला रंग. पट्टीला वळण असल्यामुळे खरा पृष्ठभाग मापाच्या साधारण १.४ पट, म्हणजे दोन्ही बाजू मिळून २७६ चौरस फूट. प्रायमर आणि दोन हात मिळून रंगाऱ्याला चौरस फुटाला २० रुपये दिले तरी ५,५२०. एकूण ७३,१७२.

ख : ३२,५६१ + ३,८५० + ३१,००० + ४,००० = ७१,४११. जीएसटी आतच.

'क' पावणेदोन हजारांनी महाग पडला, आणि त्यात जस्त नाही ते नाहीच. २४० हा आकडा नुसता दाखवायचा.

"बिल नको असेल तर जीएसटी सोडतो" असं कुणी म्हणालं तर एवढंच लक्षात ठेवा, मोटरची वॉरंटी पक्क्या बिलावर मिळते.

मिरजेचा फॅब्रिकेटर :

ओळंबा यांचा हिशोब बरोबर आहे. माझा आक्षेप १८ गेजवर आहे. रोलिंग शटरसाठी आयएस ६२४८ हे मानक आहे. त्यात ३.५ मीटर रुंदीपर्यंत पट्टीचा पत्रा किमान ०.९० मिमी आणि त्यापुढे १.२५ मिमी सांगितलाय. तुमचा गाळा ३.०५ मीटर. म्हणजे २० गेज, ०.९ मिमी, पुरेसा आहे. दुकानाच्या शटरला पहारीची भीती असते म्हणून तिथे १८ घेतात. तुमच्याकडे खरा शत्रू खारी हवा आहे, तेव्हा जाडीवरचे पैसे जस्तावर घाला.

एमएस शटर नको म्हणतो त्याचं कारण बघायचं असेल तर दोन पट्ट्यांचा सांधा जवळून बघा. वरच्या पट्टीची खालची कड आकड्यासारखी वळलेली असते आणि खालचीच्या वळणात अडकते. त्या वळणाच्या आत रंगाऱ्याचा ब्रश जातच नाही. वर रंग कितीही चकचकीत मारा, पावसाचं पाणी केशिकेसारखं त्या सांध्यात चढतं आणि आतून गंज धरतो. शिवाय शटर उघड-बंद होताना पट्ट्या नेमक्या तिथेच एकमेकींवर घासतात. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात सांध्याखाली तांबूस ओघळ दिसू लागतात, मग सांधे जाम होतात आणि शटर गुंडाळताना कडकडतं. जीआय पट्टीत वळणाच्या आतही जस्त असतं, कारण पत्रा आधी गॅल्व्हनाइज होतो आणि मग वळवला जातो. फरक एवढाच, पण तोच सगळा फरक आहे.

'जीआय' एवढं लिहून भागत नाही. आयएस २७७ प्रमाणे जस्ताची मात्रा १२०, १८०, २७५ अशी ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये असते, दोन्ही बाजू मिळून. २७५ म्हणजे एका बाजूला सुमारे २० मायक्रॉन, १२० म्हणजे त्याच्या निम्म्याहून कमी. तुमच्या जागेला २७५ मागा. कोटेशनवर वाक्य असं हवं : "पट्टी ०.९० मिमी, जस्त २७५, त्यावर पावडर कोटिंग." गेज लिहून घेऊ नका, मिलिमीटर लिहून घ्या. गेजचे तक्ते एकापेक्षा जास्त आहेत, वाद झाला की प्रत्येकजण आपल्या सोयीचा काढतो.

माल आल्यावर तपासायची सोपी युक्ती. ७५ मिमीच्या पट्टीला साधारण १०५ मिमी रुंद पत्रा लागतो. कापलेल्या पट्टीचा बरोबर एक फुटाचा तुकडा मागा आणि वाण्याच्या काट्यावर ठेवा. १.२२ मिमी (१८ गेज) असेल तर ३०० ग्रॅमच्या आसपास, ०.९ मिमी असेल तर २३० च्या, ०.७ मिमी (२२ गेज) असेल तर १८० च्या. २२ चा माल २० म्हणून खपवलेला असेल तर ५० ग्रॅमचा फरक काट्यावर लपत नाही. व्हर्नियरने मोजणार असाल तर पावडर कोटिंगचे दोन्ही बाजूंचे मिळून ०.१२ ते ०.१६ मिमी वजा करा, नाहीतर पातळ पत्रा जाड दिसतो.

गाइड चॅनल ३.५ मीटरच्या आत ६५ मिमी खोल आणि ३.१५ मिमी जाड असावं. इथे सर्रास कापाकापी होते, कारण गाइडचा पत्रा कुणी मोजत नाही. पश्चिमेचा वारा शटरच्या पोटावर दाब देतो, पट्टी मध्ये फुगते आणि दोन्ही टोकं गाइडबाहेर ओढली जातात. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते, दोन्ही चक्रीवादळं याच किनाऱ्याला तडाखा देऊन गेली आहेत. गाइडची पूर्ण खोली आणि पट्ट्यांच्या टोकांच्या क्लिपा, एवढंच काय ते वाऱ्याला रोखतं. क्लिपा नसतील तर पट्ट्या आडव्या सरकतात आणि एका बाजूचं गाइड खातात, तेही लक्षात असू द्या.

वायरिंगवाला :

मोटरबद्दल. ०.९ मिमीच्या शटरचं वजन तळपट्टीसकट १०० ते १०५ किलो येईल, १८ गेज घेतलंत तर १३५ च्या घरात. ३०० किलोची मोटर दोन्हीला भरपूर. ५०० किलोची गळ्यात मारायला बघतील, घेऊ नका.

मोटर लागतेच का? नाही लागत. ८० चौरस फूट म्हणजे ७.४३ चौरस मीटर. स्प्रिंगवर हाताने उघडणारं शटर बेअरिंगशिवाय ८ चौरस मीटरपर्यंत आणि बेअरिंगसह १२ पर्यंत चालतं. मोटरशिवाय तुमचे ३१ हजार वाचतात. फक्त जुलैत गाडीतून उतरून शटर उचलायचं आणि भिजत परत गाडीत बसायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

पण "आत्ता हाताचं घेतो, मोटर पुढच्या वर्षी" असा बेत असेल तर इथे फसगत होते. साइड मोटरच्या शटरला स्प्रिंग नसते, अख्खा पाइप चेनने फिरतो. हाताच्या शटरमध्ये पाइप जागेवर स्थिर असतो आणि स्प्रिंगवर ड्रम फिरतात. त्यामुळे पुढच्या वर्षी साइड मोटर लावायची म्हटली की पाइप, ड्रम, ब्रॅकेट सगळं उतरवावं लागतं. नंतर मोटर लावायचीच असेल तर स्प्रिंगच्या पाइपवर मधोमध बसणारी सेंट्रल मोटर लावा, आणि पाइपचा व्यास त्या मोटरला चालणारा आहे का ते आजच विचारा. वायरिंगचा पॉइंट मात्र आत्ताच काढून ठेवा, गिलावा पुन्हा फोडायचा नसेल तर.

वीज गेली की काय? साइड मोटरला हाताने ओढायची साखळी असते, ती आतल्या बाजूला लोंबते. तुमच्याकडे घरातून आत यायला दार आहे म्हणून चालेल. ज्यांच्या पार्किंगला दुसरी वाटच नाही त्यांची साखळी आत आणि माणूस बाहेर. अशांनी बाहेरून किल्लीने ब्रेक सोडता येईल अशी सेंट्रल मोटर घ्यावी. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर मोटर गुणगुणते आणि तापते. मोटरच्या पाटीवरचे वॅट बघा आणि सुरू होताना त्याच्या तिप्पट लागतील असं धरून चाला.

आणखी एक. या मोटरी सलग चालवायच्या नसतात. पाटीवर बहुतेक १० मिनिटं असं रेटिंग असतं. फिटिंगच्या दिवशी लिमिट (शटर वर आणि खाली कुठे थांबायचं ती खूण) लावताना शटर पंधरा वेळा वर-खाली होतं, मोटर तापून आपोआप बंद पडते आणि घरमालक म्हणतो मोटर जळाली. जळलेली नसते. अर्धा तास थांबा.

वायरिंग : बोर्डातून स्वतंत्र एमसीबी, १.५ चौ. मिमी तांब्याची वायर, अर्थिंग पक्कं, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असलेला बरा. पावसाळ्यात ओल्या हाताने भिंतीवरचं बटण दाबलं जाणार, तेव्हा तो लागतोच. मोटरवाला हे काम करत नाही, तो प्लगपर्यंतच येतो. वायरमनचे सामानासह चार हजार वेगळे धरा.

चिरेबंदी :

कोटेशनमध्ये न दिसणारा मोठा खर्च तुमच्या डाव्या भिंतीत आहे. चिऱ्यात अँकर फास्टनर (भोकात फुगून बसणारा बोल्ट) धरत नाही. चिरा म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र, फास्टनर आवळताना आतून भुगा होतो. आवळला गेल्यासारखा वाटतो, पण शटरच्या हादऱ्याने वर्षाच्या आत सैल पडतो. वरच्या ब्रॅकेटवर पाइप, पट्ट्या आणि त्या बाजूला मोटर असेल तर तिचंही वजन. पहिली गोष्ट म्हणजे मोटर उजवीकडे, कॉलमच्या बाजूला घ्या. हे ऑर्डर देतानाच सांगावं लागतं, मोटरीला डावा-उजवा हात असतो.

डाव्या बाजूला जमिनीपासून लिंटेलच्या वर ब्रॅकेटपर्यंत ७५ × ७५ × ३ मिमीचा चौकोनी पाइप उभा करा. वजन २० किलोच्या आसपास. खाली बेस प्लेट, तिच्याखाली दीड फूट खोल काँक्रीटचा ठोकळा आणि त्यात चार बोल्ट. वरचं टोक आरसीसी लिंटेलला फास्टनरने. गाइड आणि ब्रॅकेट या पाइपवर वेल्ड होतात, चिऱ्यावर भार येतच नाही. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, तिथे रेड ऑक्साइड फासून पुढे जायची सवय आहे. ती मोडा. तारेच्या ब्रशने घासून झिंकयुक्त रंग लावायला सांगा आणि उभं राहून करून घ्या. ठोकळा ओला असताना पाइप उभा केला तर ओळंबा चुकतो. किमान सात दिवस पाणी मारा, मगच फॅब्रिकेटरला बोलवा.

मापं घ्यायच्या आधी गाळा गुण्यात (काटकोनात) आहे का बघा. दोन्ही कर्ण मोजा, अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर गिलाव्याने सरळ करावा लागेल. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या. जमिनीची पातळी पाण्याच्या नळीने बघा. तळपट्टी सरळ असते, त्यामुळे कोबा मध्ये पाऊण इंच खचलेला असेल तर शटर बंद असूनही तेवढी फट राहते, आणि रबर तेवढं भरून काढत नाही.

पाणी. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तोंड पश्चिमेला. शटर गाळ्याच्या आतल्या अंगाला बसवा. गुंडाळी बाहेर आली तर मोटर आणि कव्हर पागोळ्यांखाली येतात. तुमच्याकडे वर १८ इंच आहेत, गुंडाळीला १५ लागतात, म्हणजे जमतंय. शटर जिथे टेकतं तिथे आतला कोबा बाहेरच्यापेक्षा निदान एक इंच उंच हवा आणि शटरची रेषा त्या पायरीच्या पुढे, बाहेरच्या अंगाला हवी. उलट झालं तर शटरवरून ओघळलेलं पाणी पायरीवर पडून आत येतं. बाहेर चार इंच रुंद गटारी, वर उचलता येणारी जाळी, आणि गटारीला एका बाजूला उतार. गाइडची तळटोकं कोब्यात गाडू नका. पाच मिमी वर ठेवा, नाहीतर सर्वांत आधी तीच सडतात.

ठोकळा, पाइप, पायरी, गटारी, जाळी, गवंड्याची मजुरी मिळून १६ हजारांच्या खाली धरू नका.

पाखाडी :

सगळ्यांचे आभार. 'ख'वाल्याशी बोललो. ०.९० मिमी, जस्त २७५, पावडर कोटेड ३१५ ला देतो म्हणाला. म्हणजे ९८.६७ × ३१५ = ३१,०८१, एकूण ६९,९३१ जीएसटीसह. त्यात गवंडीकाम १६ हजार आणि वायरिंग ४ हजार धरले की ८९,९३१. माझे ८० हजार दहाने कमी पडतात. मोटर सोडायची नाही असं घरातून ठरलंय. अॅल्युमिनियम बाद केलं. कुठे कापू?

एडिसनकर :

कापायच्या आधी एक वाढवा. इथे न्यू जर्सीत घरांना शटर नसतं, छताखाली सरकणारे आडव्या पॅनलचे दरवाजे असतात. त्यामुळे इथले भाव तुमच्या उपयोगाचे नाहीत. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या घरगुती गॅरेज ओपनरला अमेरिकेत अडथळा ओळखण्याची सोय सक्तीची आहे. बहुतेक ती जमिनीपासून सहा इंचांच्या आत लावलेल्या फोटो सेन्सरच्या जोडीने होते. किरण तुटला की खाली येणारा दरवाजा उलट वर जातो. तुमच्या कोटेशनमध्ये सेन्सरचा उल्लेखच नाही. शंभर किलोचं शटर रिमोटने, गाडीत बसून, खाली काय आहे हे न बघता बंद होणार. घरात मूल किंवा मांजर असेल तर हा खर्च ऐच्छिक समजू नका.

मिरजेचा फॅब्रिकेटर :

एडिसनकरांना शंभर टक्के अनुमोदन. सेन्सरसोबत फॉल ब्रेकही विचारा. साइड मोटरच्या शटरला स्प्रिंगचा आधार नसतो. चेन तुटली की ते थेट खाली येतं, ब्रेक मोटरच्या विरुद्ध टोकाला बसून ते धरतो. आणि सेन्सर घेताना मोटरच्या कंट्रोल पेटीत त्याचं टर्मिनल आहे का बघा, स्वस्त पेट्यांमध्ये नसतं. सेन्सर आणि ब्रेकचे सहाएक हजार धरले तर तुमचा आकडा ९६ हजारांवर जातो.

आता कुठे कापायचं. टॉप कव्हर सोडा. गुंडाळी आतल्या बाजूला आणि पार्किंगला छत आहे, तेव्हा ३,८५० चं कव्हर फक्त धूळ आणि उंदीर अडवतं. पुढे कधीही लावता येतं. गटारीची बिडाची जाळी घेऊ नका, काँक्रीटच्या भोकांच्या फरश्या चालतात. गाडी एकच आहे. तिसरा-चौथा रिमोट, वायफाय मॉड्यूल, शटरवर डिझाइन, काही नको. एवढं करून ९१-९२ हजारांवर याल. त्याखाली आलात तर जस्त, पाइप किंवा ब्रेक यातलं काहीतरी कापलेलं असेल.

पैसे देताना ४० टक्के ऑर्डरबरोबर, ५० माल दारात आला आणि फुटाचा तुकडा काट्यावर चढला की, १० टक्के फिटिंगनंतर आठवड्याने. हा शेवटचा दहा टक्के लिमिट स्विचसाठी आहे. नवी चेन पहिल्या आठवड्यात ताणते आणि लिमिट थोडं सरकतं. मग शटर खाली टेकल्यावरही मोटर पाइप सोडत राहते आणि वरच्या पट्ट्या सैल होऊन गुंडाळीत तिरक्या बसतात. किंवा वर जाताना तळपट्टी लिंटेलवर आपटते. तळपट्टीच्या दोन्ही टोकांना अँगलचे स्टॉपर आहेत का बघा, आणि लिमिट पुन्हा लावून द्यायला माणूस येईल हे तोंडी नको, कोटेशनवरच हवं.

वायरिंगवाला :

देखभालीत एकच चूक सगळे करतात, गाइडमध्ये ग्रीस भरतात. त्यात वाळू चिकटते आणि पट्टीचं पावडर कोटिंग सॅंडपेपरसारखं खरवडलं जातं. गाइडला सुका सिलिकॉन स्प्रे, ग्रीस फक्त चेन आणि बेअरिंगला. मे अखेरीस एकदा, आणि पाऊस संपला की गोड्या पाण्याने शटर धुऊन पुन्हा एकदा.

चिरेबंदी :

गवंडीकाम एप्रिलात उरका. मेमध्ये गवंडी मिळत नाहीत, सगळे पावसाआधीच्या स्लॅबवर असतात. ठोकळा वाळायच्या आत फॅब्रिकेटर दारात उभा राहिला तर त्याला परत पाठवा, भाड्याचे हजार रुपये गेले तरी चालतील.